फोन न करणारी घरं

समजा, रविवारची दुपार आहे आणि तुम्हाला पुढच्या आठवड्याचं काम लावायचं आहे. मे महिना आहे आणि गाव नागपूर. काम करणारा माणूस एकच आहे आणि त्याच्या हातात फक्त सकाळ आहे. ऊन चढलं की त्याला घरी आणून बसवायचं. बंद पडलेले कूलर मात्र शहराच्या चारी टोकांना आहेत. जरीपटक्यात एका घरी बाळंतीण आहे. मनीषनगरात भाड्यानं राहणाऱ्या मुलींनी मिळून जुना कूलर घेतला आहे, त्याचा पंखा फिरतो पण पाणी वर चढत नाही. खापरखेड्याच्या वीज कॉलनीतून तीन-चार घरांचा मिळून एक फोन आला आहे, पण तिकडे गेलं की अख्खी सकाळ तिथेच जाते. आणि धंतोलीतले एक वकीलसाहेब तुम्ही उचलेपर्यंत पुन्हा पुन्हा फोन लावत राहतात. आता सांगा, सोमवारचं पहिलं घर कोणतं?

माया रामटेके होळीपासून पाऊस येईपर्यंत दर रविवारी या प्रश्नाशी बसते. इंदोऱ्यात तिचं दोन खोल्यांचं घर आहे. बाहेरच्या खोलीत एक पांढरा फळा टांगला आहे, त्याच्यासमोर प्लास्टिकची खुर्ची. जेवणं आटोपली की ती खुर्चीत बसते, मांडीवर फोन ठेवते आणि मागचा आठवडा पुसून टाकते. पुसताना तिचा खांदा दुखतो. नवरा प्रीतम मागे पलंगावर आडवा असतो. तो काही बोलत नाही. तसं त्यानं कबूल केलं आहे.

प्रीतम कूलर मिस्त्री आहे, लग्नाच्या आधीपासून. पंप, मोटर, बाजूच्या जाळीच्या ताट्यांमध्ये भरायचं वुडवूलचं गवत, गळक्या टाक्या, सगळं एकटा करतो. गेल्या वर्षी मे महिन्यात भर दुपारी तो एका खिडकीबाहेरच्या सज्ज्यावर कूलरचं मागचं दार उघडत होता. घरातल्या बाईनं चहा घेणार का म्हणून विचारलं, तर उत्तर नाही. वाकून पाहिलं तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता आणि त्याला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. अंग तापलेलं, पण घामाचा थेंब नाही. दवाखान्यात बरेच दिवस गेले. घरी सोडताना डॉक्टरांनी मायाला बाजूला घेऊन सांगितलं, ऊन एकदा असं लागलं की पुढच्या वेळी लवकर लागतं, आणि पुढची वेळ आली तर मी शब्द देणार नाही.

तेव्हापासून मायाचं एकच काम. प्रीतम अकराच्या आत घरात पाहिजे. फळा त्याच्यासाठी आहे.

फळा लेकीनं आणून दिला. दीक्षा पुण्याला एका कंपनीत नोकरी करते, तिथं म्हणे सगळी कामं अशीच रंगानं लिहितात. लाल म्हणजे आधी, निळं म्हणजे मग, हिरवं म्हणजे थांबू शकतं. पहिल्याच आठवड्यात मायानं फळ्याचा फोटो पाठवला, तेव्हा दीक्षाचा फोन आला.

"आई, सगळंच लाल लिहिलंस तर मग लाल कशाला लिहायचं?"

"सगळ्यांलेच गरम होते, बाई," माया म्हणाली.

पण तिला ते जमलं, आणि चांगलं जमलं. प्रीतमशी लग्न झाल्यावर बरीच वर्षं तिनं सीताबर्डीच्या एका मिक्सर दुरुस्ती केंद्रात तक्रारी नोंदवायचं काम केलं होतं. केंद्र बंद पडलं, तरी तिथली शिस्त तिच्या अंगात राहिली. तिथे नियम सरळ होता. ज्यानं तक्रार दिली त्याला नंबर मिळाला. ज्यानं दिली नाही त्याचं मशीन चालू आहे. तिनं त्यात स्वतःची एक गोष्ट घातली. फोन आला की ती विचारायची, "घरात लहान लेकरू आहे का? कोणी बिमार? कोणी म्हातारं?" असेल तर लाल. मग एका दिशेची घरं एका सकाळी. सोमवारी इंदोरा-जरीपटका, मंगळवारी मनीषनगरकडे, बुधवारी खापरखेडा, असं.

लोक हुशार असतात. मे उजाडेपर्यंत मायाचे प्रश्न साऱ्या गिऱ्हाइकांना पाठ झाले. त्या उन्हाळ्यात नागपुरातल्या सगळ्यांच्या आया एकाएकी बिमार पडल्या. एकाची आई पलंगावरून उठत नाही म्हणून प्रीतमला पहाटेच पाठवलं, तर ती आई गच्चीवर कुरडया घालत होती, आणि तिनंच वरून ओरडून विचारलं, "कोण पाह्यजे गा?"

धंतोलीच्या वकीलसाहेबांनी आई आजारी आहे असं सांगितलं नाही. ते म्हणाले, "अहो बाई, तुमचा मिस्त्री येणार आहे की निवडणुकीला उभा आहे? फक्त आश्वासनं चालू आहेत."

खापरखेड्याच्या मनकर्णाबाई तर दोन-तीन दिवसांआड फोन करत. त्यांचा मुलगा तिथल्या वीज केंद्रात कामाला. "माया, इथं साऱ्या दुनियेची लाइट बनते वं, अन् आमच्याच घरात हवा नाई! कधी पाठवतं भाऊले?"

"बुधवारी, मावशी."

"कोणत्या बुधवारी ते सांग. बुधवार तं दर आठवड्यात येते."

अशी सगळ्यांची बोलणी खात, कोणाला पुढे, कोणाला मागे करत तिनं दोन महिने काढले. एकदाही प्रीतम बारा वाजता रस्त्यावर नव्हता. रात्री पाठ टेकली की तिला एवढंच आठवायचं, आजचा दिवस गेला.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू झाला त्या आठवड्यातली गोष्ट. गुरुवारची सकाळ होती. प्रीतमनं मोपेडला पिशवी अडकवली, चहाचा कप हातात घेतला आणि फळ्याकडे पाहत उभा राहिला.

"माया, धरमपेठ कधी ठेवलं वं?"

"कोणतं धरमपेठ? तिकडून फोन नाई आला."

"साहेबाकडून?"

"कोणाकडूनच नाई."

प्रीतमनं कप खाली ठेवला. "त्यायचा फोन कधी येत असते?"

मायाला हे माहीत होतं आणि नव्हतंही. फळा यायच्या आधी प्रीतमची वेगळी रीत होती. होळी झाली की तो कोणाच्या फोनची वाट पाहायचा नाही. गल्ल्या ठरलेल्या होत्या. जुन्या घरांच्या फाटकासमोर मोपेड थांबवून हॉर्न द्यायचा, आणि आतून कोणीतरी म्हणायचं, आला आपला प्रीतम. त्याच्या येण्याच्या अंदाजानं माळ्यावरून कूलर उतरवलेला असायचा, धुतलेला असायचा. त्याला फोन करणं म्हणजे त्याच्यावर भरवसा नाही असं दाखवणं, असं त्या घरांना वाटायचं. धरमपेठेतलं शरच्चंद्र साहेबांचं घर त्यातलं सगळ्यात जुनं. साहेब भूमी अभिलेख कार्यालयातून रिटायर झालेले. दुसऱ्याच्या हाताखालचं काम सोडून प्रीतम एकटा फिरायला लागला, तेव्हा पहिला कूलर त्यांचा. बायको नीलाताई. मुलगा ऋषी बंगळुरूला.

"मग तुमी बोलले काहून नाई?" माया म्हणाली. "दोन महिन्यांपासून फळा समोर आहे."

"तूच तं म्हटलं होतं, मधात बोलू नका. रोज पाहत होतो. वाटे, या आठवड्यात असन. नाई तं पुढच्या." तो थोडा थांबला. "मी आज जातो."

"आज कसे जासान? दोन घरं आहेत. तिथंच दहा वाजतीन."

"मग दुपारी."

"दुपारी नाई."

"उद्या?"

"उद्या बाळंतिणीचं घर आहे, सोमवारी राह्यलं होतं. अन् त्यायनं एसी घेतला असन. म्हणून फोन नाई. लोक घेऊन राहिले."

"नीलाताईच्या हाडात एसीनं दुखते," प्रीतम म्हणाला. तो मोपेड घेऊन गेला, आणि दहा वाजता नियमाप्रमाणे परत आला. पण जेवताना त्याचं लक्ष ताटात नव्हतं. मायानं त्याला पलंगावर पडायला लावलं, दार ओढून घेतलं, डोक्याला ओढणी गुंडाळली आणि बसनं धरमपेठेत गेली. जाऊन पाहायचं, एसी दिसला की परत यायचं, म्हणजे याच्या मनातलं निघेल. एवढाच तिचा विचार होता.

घर तिसऱ्या मजल्यावर. दार नीलाताईंनी उघडलं. आधी त्यांनी तिला ओळखलं नाही, मग एकदम हात धरून आत घेतलं.

"माया ना तू? अगं, प्रीतम बरा आहे ना?"

बाहेरच्या खोलीत पंखा गरम हवा फिरवत होता. खिडकीवर ओली चादर टांगली होती, तिच्या कडा वाळून कडक झाल्या होत्या. साहेब खाली चटईवर बनियन-लुंगीवर बसले होते, पायांशी पाण्याची बादली. ते मायाला पाहून उठायला गेले.

"बसा साहेब, बसा. तुमचा कूलर कुठं आहे?"

नीलाताईंनी गॅलरीकडे हात केला. पश्चिमेची गॅलरी, सगळं ऊन तिथेच. कूलर तिथे उभा होता. स्वच्छ धुतलेला. तिन्ही बाजूंच्या ताट्या काढून भिंतीला टेकवलेल्या, जुनं वुडवूल उपसून टाकलेलं. फक्त माणूस यायचा बाकी.

"कधी उतरवला?"

"होळी झाल्यावर. दरवर्षी तेव्हाच उतरवतो ना आम्ही."

"ताई, मग एक फोन करायचा होता. एक." मायाचा आवाज तिच्या मनात होता त्याहून जोरात निघाला. "मी रोज दिवसभर फोनच घेऊन बसली असते."

नीलाताईंनी साहेबांकडे पाहिलं. बोलले ते साहेब.

"आम्हाला कळलं होतं ना, त्याला गेल्या वर्षी काय झालं ते. आपण फोन केला की तो येणार. नाही म्हणणार नाही तो. मग त्याला बरं वाटलं की येईल, म्हटलं. आला नाही, म्हणजे अजून बरं नसेल."

"दुसरा मिस्त्री पाहायचा."

"पाहिला असता," साहेब म्हणाले. "मग प्रीतम आला असता, तर त्याला काय सांगायचं?"

माया खाली बसली. नीलाताईंनी पाणी दिलं ते तिनं पिऊन टाकलं. डोक्यात फळा उभा राहिला. उद्याची सकाळ, परवाची सकाळ. कोणाला मागे करायचं? बाळंतीण तर खरीच होती. शनिवारी मनीषनगरच्या मुली, त्यांना दोनदा ढकललं होतं. तिनं गॅलरीत जाऊन कूलरचं बटण दाबून पाहिलं. पंखा फिरला. पंप हलला नाही. ताट्या भरणं तिला येतं, दर मार्चला घरी बसून तीच भरते. पंपाचं मात्र तिला कळत नव्हतं. आणि मग तिनं ती चूक केली. तिनं प्रीतमला फोन लावला.

"पंप घुं घुं करते फक्त. काय पाह्यचं?"

"तू कुठं आहे?"

मायाच्या लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता. "तुमी येऊ नका," ती म्हणाली. "ऐकलं का? फक्त सांगा मले." फोन कटला होता.

तो आला तेव्हा उन्हानं रस्ता पांढरा दिसत होता. डोक्याला ओला दुपट्टा, मोपेडच्या पुढे वुडवूलचं गाठोडं, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. तीन मजले चढून दारात उभा राहिला तेव्हा तो धापा टाकत होता आणि हसत होता.

"अरे, कशाला आलास या उन्हात!" नीलाताई जवळजवळ ओरडल्या.

"तुमी फोन नाई केला, म्हणून आलो."

त्यानं गॅलरीत पाय टाकला तशी मायाही मागे गेली आणि त्याच्या डोक्यावर चादर धरून उभी राहिली. पंपात क्षार बसून पाकळ्या अडकल्या होत्या. प्रीतमनं तो खोलला, घासला, पुन्हा बसवला. तापलेल्या लोखंडाचे हाताला चटके बसत होते, तो बोटं झटकत होता. ताट्या त्यानं इतक्या भराभरा भरल्या की मायाला त्यातलं एकही गवत हातात घेता आलं नाही. पाणी वर चढून तिन्ही बाजूंनी झिरपायला लागलं, तेव्हा साहेब आतून म्हणाले, "आली! हवा आली!" त्यांचा आवाज लहान पोरासारखा लागला.

प्रीतम आत येऊन कूलरसमोर बसला. मायानं त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं होतं.

"नाव सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचं नाव सांगा."

"प्रीतम," तो म्हणाला, आणि जरा वेळानं, "रामटेके. काहून वं?" पण त्याची जीभ जड होती आणि मांड्यांत गोळे आले होते. मायानं बादलीतलं पाणी त्याच्या मानेवर, छातीवर ओतायला सुरुवात केली. नीलाताईंनी मीठ घालून पन्हं केलं, घोट घोट पाजलं. साहेब त्याचे पाय दाबायला लागले तेव्हा त्यानं पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला, तर साहेबांनी त्याला दटावलं. मायाला डॉक्टरांचं वाक्य आठवत होतं आणि ती त्याच्या कपाळाकडे पाहत होती. शेवटी तिथे घाम फुटला. बारीक, मोहरीएवढा. ती तो पुसायला गेली आणि थांबली. राहू दिला.

संध्याकाळी उतरताना साहेब त्यांना दारापर्यंत सोडायला आले.

"ऋषी केव्हाचा म्हणतो आहे, एसी लावून देतो," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी लावून घेऊ आम्ही. हिला दुखलं तर दुखलं. म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको."

ते खरंच प्रेमानं म्हणाले होते. प्रीतमनं मान डोलावली.

मोपेडवर माया मागे बसली होती. रस्त्यातून अजून वाफ निघत होती. सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "ते घर गेलं."

मायाला त्याला खूप काही बोलायचं होतं. तिनं साठवलं होतं सगळं. पण त्याच्या पाठीवर टेकलेला तिचा हात ओला झाला होता आणि त्याचंच तिला बरं वाटत होतं. ती एवढंच म्हणाली, "सावकाश चालवा."

रविवारी ती पुन्हा फळ्यासमोर बसली. शुक्रवारची सकाळ तिनं कोणालाच दिली नाही. मग खुर्ची पलंगाकडे वळवली.

"सांगा. तुमची फोन न करणारी घरं कोणती कोणती?"

प्रीतम पडल्या पडल्या आठवू लागला. गोकुळपेठेत कडुनिंबाच्या झाडाचं घर. त्याच्या मागच्या गल्लीत पार्वतीबाई, एकट्याच असतात. निळ्या फाटकाचे गणपतराव. गिट्टीखदानला टेलरच्या वर. सदरला चर्चमागे एक मास्तर. तो एक घर सांगे, त्याच्या शेजारचं त्याला आठवे. नंबर एकाचाही नव्हता. हॉर्न दिला की दार उघडायचं, नंबर कशाला लागणार? मायानं लिहिणं थांबवलं. ही घरं एका शुक्रवारात मावणार नव्हती. दोन शुक्रवारांतही नाही.

"नंबर काढून विचारून घे ना," प्रीतम म्हणाला. "पाह्यजे का नाई पाह्यजे."

"विचारलं का ते म्हंतीन, या. मग तुमी कधी येता म्हणून सांगू?"

दुरुस्ती केंद्रात ती हेच शिकली होती. आपण होऊन विचारायचं आणि मग जायचं नाही, याच्यापेक्षा न विचारलेलं बरं. पण न विचारलेल्या घरात काय असतं, ते तिनं गुरुवारी पाहिलं होतं. कडुनिंबाच्या घरात कदाचित एसी लागला असेल. पार्वतीबाई कदाचित मुलीकडे राहायला गेल्या असतील. किंवा धुतलेला कूलर गॅलरीत असेल.

फोन वाजला. जरीपटक्याची बाळंतीण होती. कूलर छान चालतो, पण तिच्या जावेकडचा बंद पडला. जावेच्या लेकराला घामोळ्या उठल्या आहेत, रात्रभर रडतं. मागे ते रडणं ऐकूही येत होतं.

"ताई, शुक्रवारी सकाळी जमन का?"

"पाहून सांगते," माया म्हणाली. फोन ठेवून ती फळ्यावरच्या त्या एका रिकाम्या चौकोनाकडे पाहत राहिली. हातातल्या लाल पेनाचं टोपण तिनं काढलं नव्हतं.

"अहो," ती मागे न पाहता म्हणाली, "हे फोन न करणारे. यायच्यातलं कोण अजून आपली वाट पाहून राहिलं, हे न विचारता कसं समजाचं?"